साबळे यांची धांव आणि आमचें चरित्रवाङ्मय

खेळाडूचें चरित्र कसें लिहावें, हा प्रश्न मराठी वाङ्मयांत अद्याप गंभीरपणें विचारला गेलेला दिसत नाहीं. नटाची भूमिका, गवयाची तान, चित्रकाराची रेषा यांचें परीक्षण करण्याची भाषा आम्हीं बऱ्याच कष्टानें घडविली आहे. गवई विलंबित कसें भरतो, समेवर कसा येतो, हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्या परीक्षकास श्रोतेच हंसतात. परंतु धांवणाऱ्या, पोहणाऱ्या किंवा कुस्ती खेळणाऱ्या माणसाविषयीं लिहावयाची वेळ आली कीं हीच चिकित्सक मंडळी एकदम भाविक होतात. बडोद्याच्या आबासाहेब मुजुमदारांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. तेव्हां माहितीचें आम्हांस वावडें होतें असें नव्हे. उणीव आहे ती परीक्षणाची. ही उणीव मोघम सांगण्यापेक्षां एका कारकीर्दीच्या आधारें दाखवावी, म्हणून बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे धांवपटू श्री. अविनाश साबळे यांची कारकीर्द आम्हीं येथें घेतली आहे.

साबळे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत, जिला सर्व जगांत स्टीपलचेस म्हणतात, हें त्यांचें क्षेत्र. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं रौप्यपदक मिळविलें, २०२३ सालीं हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकांत ते धांवले. त्यांच्याविषयीं मराठींत जें लिहिलें जातें त्याचा सांगाडा बहुधा एकच असतो. दुष्काळी मुलूख, कोरडवाहू शेती व मजुरी यांवर चालणारें घर, शाळा सहा किलोमीटर लांब आणि जाण्यायेण्यास वाहन नाहीं, म्हणून पोर धांवत शाळेस जाई, पुढें सैन्यांत भरती, आणि मग पदकें. शाळेची वाट आणि विजयाचा मंच यांच्यामध्यें लेखकाचें एकच वाक्य असतें, व त्यांत 'जिद्द' हा शब्द हटकून असतो.

हा सांचा आमच्या ओळखीचा आहे. महिपतींच्या भक्तविजयापासून तो आमच्या कानांत बसलेला आहे: दीन घरचा जन्म, जनांचा उपहास, कसोटीचा प्रसंग, आणि अखेरीस देवाची कृपा. संतचरित्रांत तो शोभतो, कारण तेथें कृपा हाच विषय असतो. धांवपटूच्या चरित्रांत मात्र कृपेच्या आसनावर दारिद्र्यास आणून बसविलें कीं सगळाच घोटाळा होतो. मग दुष्काळ हाच गुरु ठरतो, शाळेचा रस्ता हेंच तालीमखान्याचें अंगण ठरतें, आणि मनुष्यानें स्वतः काय केलें हें सांगण्याची लेखकावरील जबाबदारी आपोआप टळते.

आतां गोष्टी ज्या क्रमानें घडल्या तो क्रम पाहावा. बारावीचें शिक्षण झाल्यावर साबळे सैन्यांत गेले व महार रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत दाखल झाले. २०१३-१४ च्या काळांत त्यांची नेमणूक सियाचीनच्या हिमनदीवर होती. नंतर राजस्थानच्या वाळवंटांत, आणि २०१५ सालीं सिक्कीममध्यें. या वर्षांत ते शिपाई होते, धांवपटू नव्हते. २०१५ सालीं सैन्यांतील रानांमाळांतून धांवण्याच्या शर्यतींत ते उतरले, तेव्हां वय एकविसाच्या घरांत होतें. पुढें अंगावर चढलेलें बरेंच वजन त्यांस कष्टानें उतरवावें लागलें. सैन्यांतील शिक्षक अमरीश कुमार यांनीं त्यांस स्टीपलचेसकडे वळविलें तें २०१७ सालीं. म्हणजे शाळेच्या वाटेवरचें धांवणें आणि स्पर्धेंतलें धांवणें यांमध्यें कित्येक वर्षांचें अंतर आहे, आणि त्या अंतरांत बंदूक आहे, बर्फ आहे, वाळू आहे. पळण्याचा सराव मात्र नाहीं. चरित्रकार या वर्षांवरून उडी मारून जातात. वास्तविक चरित्राचा उलगडा जर कोठें असेल तर तो तेथेंच आहे.

शिवाय त्या वाटेनें शाळेस जाणारे साबळे कांहीं एकटेच नव्हते. आष्टी, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतील हजारों मुलें तशींच चालत-पळत शाळेस गेलीं, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या हातीं पुढें ऊसतोडीचा कोयताच आला. दारिद्र्यानें धांवपटू घडत असते, तर बीड जिल्ह्यांत पदकें ठेवावयास कोनाडे पुरले नसते.

हें आम्ही केवळ कोटी करावी म्हणून म्हणत नाहीं. या कथनपद्धतीचा एक परिणाम आहे आणि तो निरुपद्रवी नाहीं. वंचनेंतूनच पराक्रम उपजतो असें एकदां वाचकानें मानलें कीं शाळेच्या वाटेवर वाहन असावें, तालुक्याच्या गांवीं धांवण्याची पट्टी असावी, बाराव्या वर्षीं पोराच्या पायांकडे पाहणारा एखादा जाणता शिक्षक असावा, या मागण्या त्यास अनावश्यक वाटूं लागतात. त्याचे डोळे क्षणभर पाणावतात आणि तो पान उलटतो. दारिद्र्यानें साबळे यांस काय दिलें याची यादी सर्वांनीं केली आहे. त्यानें त्यांच्याकडून काय घेतलें, याची यादी कोणी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. ती करावयाची तर एकच नांव पुरे आहे. केनियाचा कॉन्सेस्लस किप्रुटो हाहि १९९४ चाच जन्मलेला, साबळे यांच्याहून तीन महिन्यांनीं लहान. तो २०१२ सालीं याच शर्यतींत कुमारांचा जगज्जेता झाला आणि २०१३ सालीं मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेंत त्यानें थोरांमध्यें रौप्यपदक मिळविलें. त्याचा हा समवयस्क त्या सुमारास सियाचीनच्या वाटेवर होता. अडथळ्यावरून पाय कसा न्यावा हें किप्रुटो पोरवयांत शिकला. साबळे तें तेविसाव्या वर्षीं शिकूं लागले. ही दरी भरून काढणें हा त्यांच्या कारकीर्दीचा खरा विषय आहे.

येथें एका शब्दाचा खुलासा करणें अवश्य आहे. हौशी खेळाडू व धंदेवाईक खेळाडू असा भेद आमच्याकडे पूर्वींपासून केला जातो, आणि 'धंदेवाईक' या शब्दास थोडा तुच्छतेचा वास येतो. युरोप-अमेरिकेंत तसें नाहीं. कॅनडांत बर्फावरील हॉकी खेळणारा खेळाडू संघाशीं करार करितो, वर्षाचें वेतन घेतो, आणि एका संघानें दुसऱ्यास दिला तर बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरीं जातो. गॉर्डी हाउ नांवाचा तेथील विख्यात खेळाडू १९४६ सालीं डेट्रॉइटच्या संघांत उतरला आणि, मधला विसावा सोडल्यास, १९८० पर्यंत खेळत राहिला. तेव्हां त्याचें वय ५२ वर्षांचें होतें. त्याची कारकीर्द सांगतांना तेथले लेखक त्याच्या मनगटाविषयीं, खांद्याच्या धक्क्याविषयीं, बर्फावरील वळणाविषयीं पानेंच्या पानें लिहितात. जो वेतन घेतो त्याच्या कामाची पारख करणें हा त्यांस आपला हक्क वाटतो, आणि खेळाडूसहि त्यांत अपमान वाटत नाहीं.

आमच्या खेळाडूचा धंदा म्हणजे बहुधा गणवेश. सैन्य, रेल्वे, पोलीस यांच्या हजेरीपटावर त्याचें नांव असतें आणि त्या पगाराच्या आधारानें तो खेळतो. १९५२ सालीं हेलसिंकीस कुस्तींत कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेहि पुढें पोलिसांतच गेले. मांडव्याच्या मुलास बर्फाचें दर्शन घडलें तें खेळण्यासाठीं नव्हे, पहाऱ्यासाठीं. परंतु त्याच नोकरीनें त्यास शिक्षक दिला, आहार दिला, आणि दिवसाचे तास मोकळे करून दिले. साबळे हे या अर्थानें पूर्णपणें धंदेवाईक धांवपटू आहेत. त्यांच्या कामाकडे काम म्हणून पाहणें हाच त्यांचा मान होय.

तें काम काय आहे? इंग्लंड-आयर्लंडांत घोडेस्वार एका देवळाच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या मनोऱ्यापर्यंत वाटेंतील कुंपणें व ओढे ओलांडीत दौड करीत. त्यावरून माणसांची ही शर्यत निघाली. तीन हजार मीटरांत लांकडी अडथळे २८ वेळां आणि पाण्याचा खड्डा ७ वेळां ओलांडावयाचा असतो. साध्या अडथळ्यांच्या शर्यतींत पाय लागला तर चौकट पडते आणि मनुष्य पुढें जातो. स्टीपलचेसचा अडथळा पडत नाहीं. तो सुमारें ९१ सेंटिमीटर उंच व इतका वजनदार असतो कीं त्याला गुडघा लागला तर पडतो तो धांवणाराच. शिवाय या शर्यतींत प्रत्येकास स्वतंत्र पट्टी नसते. दहा-पंधरा जण एकाच लांकडावर एकदम येतात. पुढच्याच्या पाठीमुळें अडथळा नीट दिसत नाहीं, पाऊल मोजावयास अवसर मिळत नाहीं. पाण्याचा खड्डा ३.६६ मीटर लांबीचा, अडथळ्यालगत खोल आणि पुढें उथळ होत गेलेला. बहुतेक धांवपटू लांकडावर एक पाऊल टेकून उडी घेतात. जो जोरानें ढकलून घेईल तो उथळ पाण्यांत उतरेल, जो दमला असेल तो खोलांत. १९६८ सालीं मेक्सिकोस केनियाचा एमॉस बिवॉट पाण्याला स्पर्शच न करितां पलीकडे उडी घेई व कोरड्या पायांनीं शर्यत जिंकून गेला, ही गोष्ट या खेळांतील जाणकार अजून सांगतात. तेव्हांपासून २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकांत केनिया उतरला त्या त्या ऑलिंपिकांत पुरुषांची ही शर्यत केनियानेंच जिंकली. ही परंपरा २०२१ सालीं टोकियोस मोरोक्कोच्या सूफियान एल बक्कालीनें खंडित केली. अशा वाड्यांत साबळे यांस पाऊल टाकावयाचें होतें.

२०१८ च्या आशियाई स्पर्धेस दुखापतीमुळें त्यांचें जाणें झालें नाहीं. परंतु त्याच वर्षीं भुवनेश्वर येथें त्यांनीं ८ मिनिटें २९.८० सेकंदांत अंतर कापून गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तेथून २०२४ पर्यंत त्यांनीं हा विक्रम एकंदर दहा वेळां नवा केला. 'दहा वेळां' हा आंकडा वृत्तपत्रांस फार आवडला. परंतु त्या दहांची फोड करून पाहण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. ती आम्हीं केली, आणि तींतून जें दिसलें तें आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

दहांपैकीं चार विक्रम भारतांत झाले: भुवनेश्वर, दोन वेळां पतियाळा, आणि तिरुवनंतपुरम्. सहा परदेशांत झाले: दोहा येथें २०१९ च्या जागतिक स्पर्धेंत दोन, मग टोकियो, रबात, बर्मिंगहॅम, पॅरिस. सैनी यांच्या वेळेपासून साबळे यांच्या ८ मिनिटें ९.९१ सेकंदांपर्यंत एकूण सुधारणा २०.९७ सेकंदांची. तींपैकीं भारतांतील चार शर्यतींचा वांटा ५.०२ सेकंद, परदेशांतील सहांचा १५.९५ सेकंद. म्हणजे सुमारें तीन-चतुर्थांश प्रगति त्यांनीं आपल्याहून वरचढ माणसांच्या सहवासांत केली. भारतांत त्यांस जोडीदारच नव्हता. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ते पुढें एकटे, आणि बाकीचे दूर मागें. समोर अडथळा आणि डोक्यांत घड्याळ. नाटकाच्या भाषेंत सांगावयाचें तर हें स्वगत होय. स्वगत उत्तम म्हणतां येणें ही मोठी गोष्ट आहे. परंतु नाटक संवादावर चालतें, आणि संवादांत समोरच्याचें वाक्य ऐकून आपलें म्हणावें लागतें.

दोहाचा प्रसंग या दृष्टीनें फार बोलका आहे. प्राथमिक फेरींत गर्दींत दुसऱ्या धांवपटूमुळें त्यांच्या मार्गांत अडथळा आला, ते अडखळले, तरीहि ८ मिनिटें २५.२३ सेकंदांचा नवा विक्रम त्यांनीं केला. भारतीय अधिकाऱ्यांनीं तक्रार केली, ती मान्य झाली, आणि त्यांस अंतिम फेरींत घेण्यांत आलें. तीन दिवसांनीं त्यांनीं ८ मिनिटें २१.३७ सेकंद अशी वेळ दिली व तेरावा क्रमांक मिळविला. या कथेंतील अन्याय आणि न्याय तेवढा आमच्या लेखकांनीं उचलला. आम्हांस त्यांत दुसरेंच दिसतें: इतक्या गर्दींत, इतक्या वेगानें, पांच पावलांवर दुसऱ्याची टांच असतांना अडथळा ओलांडण्याचा अनुभव त्यांस पंचविसाव्या वर्षीं मिळत होता, आणि मिळतांच ते सात-साडेसात सेकंदांनीं सुधारले.

२०२२ हें वर्ष या कारकीर्दीचें मध्यान्ह. त्या वर्षीं त्यांनीं अमेरिकेंत शिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या हाताखालीं सराव केला. मे महिन्यांत कॅलिफोर्नियांत पांच हजार मीटरांत १३ मिनिटें २५.६५ सेकंद ही वेळ देऊन बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षांचा विक्रम मोडला. जूनमध्यें मोरोक्कोच्या रबात येथें ८ मिनिटें १२.४८ सेकंद. मग जुलैंत यूजीनची जागतिक स्पर्धा, आणि तेथें अंतिम फेरींत अकरावा क्रमांक, वेळ ८ मिनिटें ३१.७५ सेकंद! वाचकांस धक्का बसला. थकवा, दडपण, नशीब अशीं नेहमींचीं कारणें पुढें आलीं.

परंतु त्या शर्यतीचा निकाल नीट वाचावा. जिंकणाऱ्या एल बक्कालीची वेळ होती ८ मिनिटें २५.१३ सेकंद. म्हणजे जेत्याची वेळहि साबळे यांच्या रबातच्या वेळेहून बारा सेकंदांनीं मंद होती. घड्याळाशीं झुंज असती तर साबळे सुवर्णपदक घेऊन आले असते. पण जगांतील थोर धांवपटूंनीं त्या दिवशीं घड्याळ खुंटीला टांगून ठेवलें होतें. सर्वजण सावकाश, एकमेकांवर डोळा ठेवून धांवत राहिले, आणि शेवटच्या फेरींत एकदम तुटून पडले. अशा वेळीं उपयोगी पडतें तें दमसास नव्हे, तर गति एका श्वासांत बदलण्याची शक्ति आणि कोण केव्हां सुटेल हें ओळखण्याची नजर. ही नजर स्वगतांतून येत नाहीं. जो वर्षानुवर्षें पतियाळ्यास एकटाच पुढें धांवला त्यानें ती कोठून आणावी? यूजीनचा पराभव हा साबळे यांच्या पायांचा नव्हता. ज्या व्यवस्थेनें त्यांस तोडीचा सोबती दिला नाहीं तिचा तो होता. असें असतां 'नशीब' म्हणून तो विषय मिटविणें हा आळस होय.

आणि यूजीननंतर अवघ्या १९ दिवसांनीं, ६ ऑगस्ट रोजीं, बर्मिंगहॅम. राष्ट्रकुल स्पर्धेंत १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सहा खेपांत या शर्यतीचीं अठराहि पदकें केनियानेंच नेलेलीं. या वेळीं साबळे त्या केनियनांच्या मेळांत शेवटपर्यंत टिकून राहिले, आणि अखेरच्या सरळ पट्टींत अब्राहम किबिवॉटच्या खांद्याशीं आले. किबिवॉट ८ मिनिटें ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटें ११.२० सेकंद. मधलें अंतर सेकंदाचा विसावा भाग. तिसरा एमॉस सेरेम पांच सेकंदांहून अधिक मागें, आणि साबळे यांचा तो समवयस्क किप्रुटो, ज्यानें २०१६ चें ऑलिंपिक सुवर्ण जिंकलें होतें, त्याहूनहि पुष्कळ मागें राहिला. या रौप्यपदकावर मराठींत जें लिहिलें गेलें त्यांत मांडवा होतें, आई-बाप होते, शाळेची वाट होती. शेवटची फेरी मात्र नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीं यूजीनला जें जमलें नाहीं तें येथें कशामुळें जमलें, हा प्रश्नच कोणास पडला नाहीं. आमच्या मतें उत्तर शर्यतीच्या घडणींत आहे. केनियनांनीं येथें गति आरंभापासून चढती ठेविली, आणि दीर्घकाळ चढ्या गतीनें धांवणें हेंच तर साबळे यांचें बलस्थान. दिल्लीस २०२० सालीं अर्धमॅराथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी करणारा हा मनुष्य; त्याच्यापुढें वेगवान शर्यत मांडणें म्हणजे पट्टीच्या गवयास त्याच्या आवडीचा राग देणें. प्रतिपक्षाच्या चालीनें त्यांस त्यांच्या घरीं नेलें, आणि आयुष्यांत प्रथमच ते संवादांत बरोबरीनें बोलले. आम्ही हीच शर्यत त्यांची सर्वोत्तम कृति समजतों. हांगझोऊचें सुवर्ण तिच्याखालीं.

हें शेवटचें वाक्य कांहीं वाचकांस रुचणार नाहीं. आशियाई स्पर्धेंत पुरुषांच्या स्टीपलचेसचें सुवर्ण भारतास मिळवून देणारे साबळे पहिलेच. त्याच स्पर्धेंत पांच हजार मीटरांचें रौप्यहि त्यांनीं मिळविलें. ही कामगिरी मोठीच आहे. पण १ ऑक्टोबर २०२३ च्या त्या शर्यतींत ते पुढें निघाले ते पुढेंच राहिले, आणि ८ मिनिटें १९.५० सेकंदांत एकटेच पोहोंचले. तें पुन्हा स्वगत होतें. निर्दोष, पण स्वगत. त्याच्या दीड महिना आधीं बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेंत ते प्राथमिक फेरींतच सातवे येऊन बाद झाले होते, ही गोष्ट सुवर्णाच्या झळाळींत सर्वजण विसरले. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय माणूस कळत नाहीं.

पॅरिसला २०२४ सालीं ते प्राथमिक फेरींत पांचवे आले आणि ऑलिंपिकच्या या शर्यतीची अंतिम फेरी गांठणारे पहिले भारतीय पुरुष ठरले. 'पुरुष' हा शब्द येथें मुद्दाम वापरला आहे. २०१६ सालीं रिओस सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं स्त्रियांच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गांठून दहावा क्रमांक मिळविला होता. माण आणि आष्टी, दोन्ही पावसाच्या छायेंतले तालुके. दोघांची शर्यत एकच. या योगायोगावरूनहि पुन्हा दुष्काळाचें स्तोत्र रचण्याचा मोह होतो. तो आवरून इतकेंच पाहावें कीं दोघांसहि शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालें तें गांव सोडल्यावर. अंतिम फेरींत साबळे ८ मिनिटें १४.१८ सेकंदांत अकरावे आले. त्याच फेरींत कांस्यपदक घेणारा होता तोच किबिवॉट, ज्याच्याशीं बर्मिंगहॅमला सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक होता. आतां तो साबळे यांच्या पावणेआठ सेकंद पुढें होता. दोन वर्षांत एकजण कोठें गेला आणि दुसरा कोठें राहिला, याचें विवरण जो करील तो या कारकीर्दीचा पहिला खरा चरित्रकार.

मे २०२५ मध्यें कोरियाच्या गुमी येथें साबळे यांनीं आशियाई अजिंक्यपद मिळविलें. भारतास या शर्यतींत तें दीना राम यांच्यानंतर, म्हणजे १९८९ नंतर, प्रथमच मिळालें. जुलैंत मोनाकोच्या शर्यतींत पाण्याच्या अडथळ्यापाशीं ते पडले. गुडघ्याच्या बंधास व कूर्चेस इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सप्टेंबरांतील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्यावर जें लिहिलें गेलें त्यांत 'जिद्द' पुन्हा आली. गुडघ्याच्या बंधास जिद्द समजत नाहीं. लांकडावरून खालीं येतांना सगळा भार एका पायावर येतो, तो पाय ओल्या उतारावर टेकतो, आणि हें प्रत्येक शर्यतींत सात वेळां, प्रत्येक सरावांत कित्येक वेळां घडतें. एकतिशीच्या उंबरठ्यावरील धांवपटूच्या बाबतींत हा हिशेब मांडावा लागतो, आणि तो वैद्यांइतकाच टीकाकारानेंहि मांडावा.

पुढेंमागें कोणी साबळे यांचें विस्तृत चरित्र लिहावयास बसेल, तर त्यानें शाळेच्या वाटेस एक परिच्छेद द्यावा आणि आमच्या शंकांस उरलेलें पुस्तक द्यावें. सिक्कीमहून परतलेल्या शिपायाचें पहिल्या सहा महिन्यांतील सरावाचें टिपण अमरीश कुमार यांच्यापाशीं असेल तर तें मिळवावें. यूजीनला शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हां साबळे कोणाच्या मागें होते आणि कोणाकडे पाहत होते, हें त्यांसच विचारावें. किबिवॉटलाहि गांठावें, प्रतिस्पर्ध्याइतका बारकाईनें पाहणारा दुसरा कोणी नसतो. आणि बर्मिंगहॅमच्या शेवटच्या पाण्यावर त्यांचें कोणतें पाऊल लांकडावर पडलें, हेंहि.